आक्कांची बोटं

लग्न ठरायच्या आधी मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले, तेव्हा माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. दारातच त्यांनी माझ्या स्वेटरची बाही अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरली, एकदा हलकेच चोळली आणि विचारलं, "लोकर म्हणून विकलंय ना तुला हे?"

"हो," मी म्हणाले. "पण लोकर नाहीये. निम्म्याहून जास्त ॲक्रिलिक आहे. मी प्रयोगशाळेत हेच तर तपासते."

"माहीत असून घातलंस?"

"रंग आवडला."

त्या मोठ्यानं हसल्या. माझ्या मागे उभा असलेला होणारा नवरा, ज्याला आजही टॉवेल आणि चादर यांतला फरक समजावून सांगावा लागतो, तो बिचारा घामाघूम झाला होता. त्याला वाटलं, दारातच वाजलं. खरं तर दारातच जमलं होतं.

सासूबाई जुन्या कपड्यांच्या शेडमध्ये मुकादम होत्या. तिथे लहानथोर सगळे त्यांना आक्का म्हणत. पुढे कामानिमित्त मी तिथे जायला लागले, तेव्हा आमच्यात ठरलं की घरात आई आणि शेडमध्ये आक्का. शेडमध्ये आई म्हटलेलं त्यांना खपत नसे. वशिल्यानं आल्यासारखं वाटतं, म्हणायच्या.

शहरानं टाकलेले कपडे या शेडमध्ये गठ्ठे बांधून येतात. गठ्ठ्याची पट्टी कापली की तो श्वास सोडल्यासारखा फुगतो आणि टेबलभर पसरतो. कॉलर विरलेले शर्ट, गुडघ्याला पांढऱ्या पडलेल्या पँट्स, चादरी, मोजे, आणि हल्ली तर दुकानाचा कागदही न काढलेले नवे कोरे कपडे. एकदाही अंगाला न लागलेले. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला राग आला होता, आणि अजूनही येतो. कपडा टाकणाऱ्याला वाटतं, आपलं कपाट मोकळं झालं. ते मोकळं झालेलं सगळं या टेबलावर असतं.

घालण्याजोगे कपडे वेगळे निघतात. प्रश्न उरतो तो बाकीच्यांचा. आमच्या संस्थेनं त्यावर संशोधन सुरू केलं होतं. जुना सुती कपडा पिंजायचा, त्याचा पुन्हा कापूस करायचा आणि त्या कापसाचं नवं सूत काढायचं. ऐकायला सोपं आहे. पण पिंजणीत निव्वळ सुतीच जायला हवं. त्यात पॉलिस्टर मिसळलेला कपडा गेला की सूत ओबडधोबड निघतं, रंग धड चढत नाही, आणि ताणला जाणारा धागा असला तर तो रुळांना असा गुंडाळतो की यंत्र बंद करून कात्रीनं सोडवत बसावं लागतं. म्हणजे सगळी मदार छाननीवर. कपडा कशाचा आहे ते आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं, पण पट्टी टोचते म्हणून निम्मे लोक ती कापून टाकतात, आणि उरलेल्या निम्म्या पट्ट्या माझ्या स्वेटरच्या दुकानदाराइतक्याच खऱ्या असतात.

म्हणून आम्ही एक यंत्र करायला घेतलं. ते कपड्यावर प्रकाश टाकतं आणि परत आलेल्या प्रकाशावरून सुती, लोकर, मिश्र वगैरे ओळखतं. ते करणारा तरुण इंजिनिअर हाताला येईल ती वायर दातांनी सोलायचा आणि जेवायचं विसरायचा. आक्कांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. दिवेवाला.

यंत्राला शिकवायला खऱ्या उत्तरांसकट हजारो कपडे लागणार होते. प्रत्येक कपड्याचा तुकडा कापून आम्लात विरघळवायचा म्हटलं तर आमचं आयुष्य गेलं असतं. तेव्हा बैठकीत मीच म्हटलं, "आमच्या आक्कांना बसवा. त्या हात लावून सांगतील." आमचे सर, म्हणजे प्रकल्पाचे प्रमुख, आधी हसले. मग त्यांनी आक्कांचे डोळे बांधून स्वतः निवडलेले कपडे त्यांच्या हातात दिले आणि सगळे आम्लात तपासून घेतले. त्यानंतर ते हसले नाहीत. पर्यावरण वाचवण्यावर भाषण देताना ते आता "आमच्या आक्का" म्हणायला लागले. हे भाषणवाले दर परिषदेत एक नवी कापडी पिशवी वाटतात, हा माझा जुना राग आहे. पण सर मनानं चांगले.

मग शेडमध्ये काम सुरू झालं. आक्का कपडा उचलायच्या, चिमटीत धरायच्या, बोलायच्या. सुती. मिश्र. सुती. लोकर, पण भेसळ. दिवेवाला तो कपडा यंत्राखाली ठेवायचा आणि आक्कांचं उत्तर त्याला शिकवायचा. मध्येच आक्का यंत्राला दम द्यायच्या, "शिकतोयस ना रे मठ्ठा?" दिवेवाला म्हणायचा, "आक्का, त्याला स्वतःची अक्कल नाही. तुमचीच आहे." यावर त्या जाम खूश व्हायच्या आणि त्याला जबरदस्तीनं जेवायला बसवायच्या.

कित्येक महिने सगळं झकास चाललं. यंत्र आक्कांशी सहमत व्हायला लागलं होतं, आणि आक्का ते यंत्राच्या शहाणपणाचं लक्षण मानत होत्या. हिवाळ्यात कुठेतरी बिनसलं. यंत्र एक म्हणायचं, आक्का दुसरंच. आधी अधूनमधून, मग रोज. दिवेवाल्यानं दिवे बदलले, काच बदलली, पंखा लावला, पंखा काढला. काही उपयोग नाही. सर म्हणाले, आक्का प्रमाण आहेत, चूक यंत्राची आहे. म्हणून यंत्राला आक्कांची नवी उत्तरं पुन्हा पुन्हा घोटवली गेली. त्यानंतर ते आक्कांशी जास्त सहमत व्हायला लागलं, आणि नेमकं तेव्हापासून पिंजणीतलं सूत तुटायला लागलं.

यंत्र बिघडलं असेल तर त्यानं आक्कांचं ऐकल्यावर सूत सुधारायला हवं होतं. हे माझ्या मनातून जाईना. मतभेद झालेल्या कपड्यांचे तुकडे कापून मी गुपचूप प्रयोगशाळेत नेले आणि आम्लात टाकले. कापूस विरघळतो, पॉलिस्टर तसंच राहतं. आक्कांनी सुती म्हणून बाजूला काढलेल्या कपड्यांची पांढरी जाळी एकामागून एक काचेच्या तळाशी दिसायला लागली. यंत्र बरोबर होतं.

घरी आल्यावर मला एकेक गोष्ट दिसायला लागली. आक्कांच्या तर्जनीवर भाजल्याचा फोड होता आणि तो कधी झाला हे त्यांना सांगता येत नव्हतं. शेडमध्ये घालायच्या कोटाची बटणं लावायला त्या आता मुलाला हाक मारायच्या, आणि तो लाडानं लावून द्यायचा. मागे एकदा त्या शेडमधून एकाच पायात चप्पल घालून आल्या होत्या. दुसरी रस्त्यात कुठे निसटली ते त्यांना कळलंच नव्हतं. तेव्हा माझा नवरा पोट धरून हसला होता, आणि त्याही हसल्या होत्या. जरा जास्तच हसल्या होत्या, हे आता लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का टेबलावरून एक शर्ट घेऊन गठ्ठ्यांच्या मागे गेल्या. मी मागोमाग गेले. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तो शर्ट ओठांवर धरला. हळूच घासला. मग गालावर. मग पुन्हा ओठांवर.

कुणाचा तरी घामट, न धुतलेला, टाकून दिलेला शर्ट. या बाई बाहेरच्या कपड्यांत कुणाला पलंगावर टेकू देत नाहीत. शेडमधून आल्या की कोपरापर्यंत हात घासतात.

"आई," मी म्हणाले. शेडमध्ये मी त्यांना पहिल्यांदाच आई म्हटलं.

त्या दचकल्या. शर्ट खाली घेतला. "काय गं, इकडे काय करतेस?"

"तुम्ही काय करताय?"

"वास घेत होते."

"ओठांनी?"

त्या गठ्ठ्यावर बसल्या. शर्टाची घडी घालायला लागल्या, अगदी नीट, जणू तो कुणाला परत द्यायचा होता.

"बोटं गेली गं," त्या म्हणाल्या. "आधी पाय गेले, मग बोटं. डॉक्टर म्हणतात, साखर. टोकाकडून नसा मरत येतात म्हणे. हातमोजे घातल्यासारखं वाटतं सारखं."

"सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू? मुकादमाची बोटं गेली म्हणून दवंडी पिटू?" मग खालच्या आवाजात, "ओठांना कळतं अजून. जाडंभरडं कळतं. मिश्र असलं की फसायला होतं."

"आक्का, फसायला खूप होतंय. मी तपासलं. यंत्र बरोबर आहे."

त्यांनी मान वर केली. त्या नजरेनं शेडमधली भलीभली माणसं गार पडत. "माझ्या मागे तपासलंस? घरातल्या माणसानं?"

"घरातल्या माणसानं तपासलं म्हणून अजून बाहेर गेलं नाही."

"मग जाऊ देऊ नकोस."

"हेच यंत्र सगळ्या शेडमध्ये जाणार आहे. सगळीकडे चुकीची छाननी होईल. इतक्या लोकांची मेहनत पाण्यात जाईल."

"आणि माझं काय होईल?" त्या एकदम उसळल्या. "या टेबलावरून उठले की मी कोण गं? घरी बसून तुमच्या दोघांचे मोजे जोडत बसू? लोक मला नावानं ओळखत नाहीत, बोटांनी ओळखतात. बैठकीत तू तोंड उघडलंस तर याद राख."

"मी बोलणार," मी म्हणाले.

त्यानंतर घरात आमचा अबोला सुरू झाला. समोरासमोर बसून त्या मुलाला म्हणायच्या, "हिला सांग, चहा गार झालाय." मी म्हणायचे, "त्यांना सांग, गरम करून देते." तो बिचारा टपालासारखा निरोप पोचवत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मला किमान भांडणाचं कारण तरी सांगा." आम्ही दोघींनी एकाच वेळी "तू गप रे" म्हटलं. त्या अबोल्यातलं आमचं तेवढंच एकमत.

मला राग नव्हता आला. भीती वाटत होती. सत्य सांगणं माझं काम होतं, पण ज्या बाईनं मला दारात बाहीला धरून आत घेतलं तिला चारचौघांत उघडं पाडायचं, हे मला पेलणार होतं की नाही, माहीत नव्हतं. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी मी बोलायचं वाक्य आरशासमोर म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी ते निष्ठुर वाटलं.

बैठक शेडच्या वरच्या खोलीत होती. काचेतून खालची टेबलं दिसत होती. संस्थेची माणसं एका बाजूला, शेडची दुसऱ्या बाजूला, आणि टोकाला आक्का, दोन्ही हात मांडीवर ठेवून. सर उत्साहात होते. दुसऱ्या संस्थांनी यंत्र मागितलं होतं.

"मतभेद मिटवायला हवेत," सर म्हणाले. "पहिल्या महिन्यांत शिकवलेलं सगळं पुसून टाकू. आक्कांची अलीकडची उत्तरं आहेत, त्यांवर यंत्र नव्यानं तयार करू. कोरी पाटी."

"सर, पहिलं शिकवलेलं चांगलं होतं," दिवेवाला म्हणाला. "सूत तुटत नव्हतं तेव्हा."

"म्हणजे आक्का आता चुकतात, असं म्हणायचंय का तुला?"

सगळे हसले. दिवेवाला लाल झाला आणि खाली बघायला लागला. कित्येक आठवडे तो अशीच बोलणी खात होता. मी हात वर केला. आरशासमोरचं वाक्य तोंडाशी आलं होतं.

"थांब," आक्का म्हणाल्या. अबोला सुरू झाल्यापासून माझ्याशी बोललेला तो त्यांचा पहिला शब्द. मग त्या दिवेवाल्याकडे वळल्या. "पुसायचं म्हणजे नक्की काय पुसायचं रे?"

"पहिल्यापहिल्यांदा तुम्ही हातात घेऊन जे जे सांगितलंत ते, आक्का. यंत्राकडे दुसरं काहीच नाही."

"म्हणजे माझी तेव्हाची बोटं आहेत त्यात."

"हो. तसंच म्हणा."

खाली कुणीतरी गठ्ठ्याची पट्टी कापली, त्याचा आवाज वर आला. आक्कांनी मांडीवरचे दोन्ही हात उचलून टेबलावर पालथे ठेवले, सगळ्यांना दिसतील असे.

"मग ती पुसू नका," त्या म्हणाल्या. "माझी चांगली बोटं तेवढीच उरली आहेत. ही हातावरची आहेत ना, ती बधिर झाली. हिवाळ्यापासून मला कापड कळत नाही. ओठांना लावून अंदाजानं सांगत होते. ते सगळं काढून टाका, आणि पहिलं ठेवा."

सर चष्मा काढून पुसायला लागले आणि बराच वेळ पुसत राहिले. शेडमधल्या एका बाईनं तोंडावर हात घेतला. मी वर केलेला हात खाली घेतला. त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की आपण त्यांना उघडं पाडायला निघालो होतो याची लाजसुद्धा वाटायची राहून गेली.

आक्का दिवेवाल्याला म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं. माझ्यापायी फुकट बोलणी खाल्लीस. आज तरी वेळेवर जेव."

हिवाळ्यापासूनचं सगळं काढून टाकलं. यंत्र पुन्हा पहिल्या शिकवणीवर आलं, आणि सूत तुटायचं थांबलं. आक्कांची मुकादमी गेली नाही, कारण त्यांच्याइतकं ओरडणारं दुसरं कुणी नव्हतं, पण छाननीच्या टेबलाला त्या हात लावेनाशा झाल्या. ते पाहवत नसे. रिकामे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नसे. कधी पाठीमागे धरायच्या, कधी खिशात घालायच्या. त्यांचं दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांकडे आता आम्ही दोघी जातो, एवढंच.

दिवेवाल्यानं त्याच शिकवणीवर हातात मावेल असं एक छोटं यंत्र केलं आणि पहिलं आक्कांना आणून दिलं. त्यांनी ते घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून दिलं. बरेच दिवस ते तिथेच पडून होतं. रोज त्यावरची धूळ मात्र कुणीतरी पुसत होतं.

पिंजलेल्या कापसाच्या सुताचा पहिला स्वेटर विणून झाला, तो घालून मी संध्याकाळी घरी आले. जुन्या चादरी आणि शर्ट यांतून निघालेला, करड्या रंगाचा, साधा. पिंजताना धागे आखूड होतात, म्हणून सूत धरून राहावं यासाठी शेवटी त्यात थोडं नवं पॉलिस्टर घालावं लागलं होतं. इतकी भेसळ काढून शेवटी आपल्याच हातानं भेसळ घालायची, हे मला मनातून आवडलेलं नव्हतं. पुढच्या वेळी नको असं आम्ही ठरवलंय. बघू.

दार आक्कांनीच उघडलं. सवयीनं त्यांचा हात पुढे आला आणि बाही चिमटीत धरली. अंगठा एकदा फिरला. मग त्या थांबल्या. मागे सोफ्यावर नवरा बसला होता. त्यानं पेपर खाली घेतला. आक्कांनी माझा हात वर उचलला आणि बाही ओठांना लावली. या वेळी भिंतीकडे तोंड करून नाही, उघड, दारात.

"सुती," त्या म्हणाल्या. "निव्वळ सुती. हो ना?"

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला खरं बोलवेना. "हो," मी म्हणाले. "निव्वळ सुती."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग आत गेल्या, फळीवरून ते छोटं यंत्र घेऊन आल्या आणि माझ्या बाहीवर टेकवलं. बारीक उजेड पडला. यंत्र लांब धरून त्यांनी वाचलं. सुती, आणि थोडं पॉलिस्टर.

"बघ," माझ्या नाकासमोर यंत्र नाचवत त्या म्हणाल्या, "माझी बोटं तुझ्यासारखी खोटं बोलत नाहीत."

आणि यंत्र खिशात टाकून त्या दार लावायला वळल्या.